मेरिट लिस्ट लागत नाही तिथला प्रवेश: अमेरिकेत हायस्कूलमधून कॉलेजकडे

भारतातून आलेल्या आई-बाबांशी कॉलेजचं बोलणं सुरू झालं की थोड्याच वेळात एक प्रश्न येतोच: "मग हार्वर्डचा कट-ऑफ किती?" प्रश्न स्वाभाविक आहे. दहावी-बारावी, सीईटी, पर्सेंटाइल, मेरिट लिस्ट या वाटेने आलेल्या माणसाला प्रवेश म्हणजे आकडाच वाटणार. पण अमेरिकेतल्या बहुतेक नावाजलेल्या कॉलेजांत कट-ऑफ नावाची गोष्टच नाही. प्रवेश कार्यालयात कुणीतरी तुझी फाइल उघडतं, वाचतं, चार ओळींचा अभिप्राय लिहितं आणि त्यावर पुढचं ठरतं. त्या वाचणाऱ्या माणसाला समोर ठेवून अर्ज केला की अर्ध्याअधिक गोष्टी आपोआप सुचतात.

गेली काही वर्षं मी ओळखीच्या मराठी घरांतल्या मुलांचे अर्ज त्यांच्यासोबत बसून वाचते. ज्या घरातलं हे पहिलंच मूल कॉलेजला निघालंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बोलणार आहे मुलांशी, कारण अर्ज त्यांचा आहे. आई-बाबांसाठी जिथे काही असेल तिथे तसं सांगेन. माझं मुख्य म्हणणं आधीच सांगते: बहुतेक घरं सगळा जीव एसएटी ही प्रवेशपरीक्षा आणि निबंध यांत ओततात, आणि पैसा व कॉलेजांची यादी या दोन गोष्टी शेवटच्या महिन्यात घाईने उरकतात. क्रम नेमका उलटा हवा.

नववी ते अकरावी: ट्रान्सक्रिप्ट

फाइलमधला सगळ्यात वजनदार कागद म्हणजे ट्रान्सक्रिप्ट. कोणते विषय घेतले आणि त्यात काय मिळालं, हे दोन्ही त्यात दिसतं. सोपे विषय घेऊन सगळीकडे ए मिळवणाऱ्यापेक्षा, झेपतील तेवढे अवघड विषय घेऊन बहुतेक ए आणि एखादा बी मिळवणारं मूल वाचणाऱ्याला जास्त तयारीचं वाटतं. "झेपतील तेवढे" हे शब्द मात्र मनापासून लिहिलेत. एकाच वर्षात सहा एपी (शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) घेऊन रात्री दोनला झोपणारी मुलं मी पाहिली आहेत. फाइलमध्ये त्याचा फायदा फारसा दिसत नाही, चेहऱ्यावर तोटा लगेच दिसतो.

तुझी तुलना शेजारच्या गावातल्या मोठ्या शाळेतल्या मुलांशी होईल ही भीती काढून टाक. तुमच्या शाळेतला काउन्सेलर (मार्गदर्शक) ट्रान्सक्रिप्टसोबत 'स्कूल प्रोफाइल' पाठवतो. शाळेत कोणते एपी शिकवले जातात, ग्रेड कशा देतात, हे त्यात असतं. जो विषय शाळेत शिकवतच नाहीत तो तू का घेतला नाहीस, असं कुणी विचारत नाही.

भारतातून नववी-दहावीत इथे आला असशील तर एक काम आजच कर: तिथल्या शाळेच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला शिक्क्या-सहीनिशी मिळवून ठेव. गुणपत्रिका मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतरही करून घे. बारावीच्या नोव्हेंबरात त्या शाळेत फोन लावत बसणं फार त्रासाचं होतं. इंग्रजी शाळेत थोडीच वर्षं झालेल्या मुलांकडून काही कॉलेजं टोफेल किंवा ड्युओलिंगोची इंग्रजी परीक्षा मागतात, काही माफ करतात. ते प्रत्येक कॉलेजच्या पानावर बघावं लागतं.

पैसा: यादीच्या आधी

हा भाग आई-बाबांसाठी. मुलांनी शेजारी बसून ऐकावा.

कॉलेजच्या वेबसाइटवर लिहिलेली फी आणि तुमच्या घराला प्रत्यक्ष पडणारी रक्कम यांत खूप फरक असू शकतो, दोन्ही दिशांनी. जी खासगी कॉलेजं कुटुंबाची पूर्ण आर्थिक गरज भागवण्याचं वचन देतात, ती मध्यम उत्पन्नाच्या घराला कधीकधी सरकारी विद्यापीठापेक्षा स्वस्त पडतात. उलट, दोघंही नोकरीला असलेल्या घराला तिथे एक डॉलरही मिळत नाही असंही होतं, कारण हार्वर्ड, येलसारखी आयव्ही लीगची कॉलेजं गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतच नाहीत, फक्त गरजेवर देतात. मुलाला पैकीच्या पैकी मार्क आहेत म्हणून फी माफ होईल, ही समजूत तिथे चालत नाही.

अंदाज बांधायला 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' आहे. सरकारी आर्थिक मदतीच्या योजनेत असलेल्या प्रत्येक कॉलेजला तो आपल्या वेबसाइटवर ठेवणं २०११ पासून बंधनकारक आहे. मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न समोर घ्या, पाच-सहा कॉलेजांचे कॅल्क्युलेटर भरा आणि वर्षाला काय पडेल ते एका कागदावर लिहा. मग मुलाला खरा आकडा सांगा: "आम्ही वर्षाला इतके देऊ शकतो." आपल्याकडे हे बोलायला संकोच वाटतो. "तू फक्त अभ्यास कर, पैशांचं आम्ही बघू," हे आपण प्रेमानेच म्हणतो. पण ते वाक्य अकरावीत म्हटलं आणि एप्रिलमध्ये प्रवेशपत्र हातात असताना "हे परवडणार नाही" म्हणायची वेळ आली, तर मुलाला फार लागतं.

केंद्र सरकारच्या मदतीसाठी 'फाफ्सा' हा अर्ज भरायचा असतो. तो फुकट आहे. कुणी पैसे मागत असेल तर ती साइट चुकीची आहे. तो साधारणपणे बारावीच्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये उघडतो आणि दोन वर्षं मागचं टॅक्स रिटर्न धरतो. म्हणजे मुलाच्या दहावीच्या उत्तरार्धाचं आणि अकरावीच्या पूर्वार्धाचं उत्पन्न हिशोबात येतं. बरीच खासगी कॉलेजं याशिवाय 'सीएसएस प्रोफाइल' मागतात. त्यात घर, बचत, सगळं सविस्तर विचारतात.

आता व्हिसाचं. आपल्यातल्या कितीतरी घरांना हे कुणी वेळेवर सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबते. फाफ्सातून मिळणारी सरकारी मदत मुख्यतः नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी आहे. एच-४ वरच्या, म्हणजे आई किंवा बाबांच्या एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या आधारे इथे असलेल्या, मुलाला ती मिळत नाही. बरीच कॉलेजं स्वतःच्या मदतीसाठीही अशा मुलाला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरतात, मग तो इथल्या बालवाडीपासून इथेच शिकलेला असो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी मोजकी कॉलेजं अशा अर्जदाराची आर्थिक स्थिती प्रवेश ठरवताना बघत नाहीत आणि गरज पूर्ण भागवतात. बाकी ठिकाणी "मदत हवी" असं लिहिल्याने प्रवेशावर परिणाम होतो का, हे थेट विचारा.

राज्यातल्या विद्यापीठात इन-स्टेट फी (त्या राज्याच्या रहिवाशांसाठीची कमी फी) एच-४ ला लागू होते का, हे राज्याराज्यांत वेगळं आहे. पुष्कळ ठिकाणी होते. मेसेजवरच्या ग्रुपमध्ये विचारू नका, विद्यापीठाच्या रेसिडेन्सी ठरवणाऱ्या कार्यालयाला ईमेल करा आणि उत्तर लेखी ठेवा. दुसरी गोष्ट, एच-४ चा दर्जा मुलाला २१ वर्षं पूर्ण झाली की संपतो. बहुतेकांच्या बाबतीत ती वेळ कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात येते. ग्रीन कार्डची रांग तोवर सरली नसेल तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं आणि काही ठिकाणी तेव्हा फीचा वर्गही बदलू शकतो. तिसरी, एच-४ वरच्या मुलाला पगारी काम करता येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यातली पगारी इंटर्नशिप अडते. या तिन्हींचा विचार करून केव्हा काय बदलायचं ते इमिग्रेशन वकिलाला अकरावीतच विचारा. बारावीच्या मार्चमध्ये विचारलं तर हातात फार पर्याय उरत नाहीत.

यादी

आमच्या घरातला पहिला अर्ज मला आजही टोचतो. अकरा कॉलेजं होती. नऊ ठिकाणी शंभरातल्या दहाहून कमी मुलांना प्रवेश मिळतो. उरलेली दोन 'सेफ्टी' म्हणून शेवटच्या रात्री घातलेली, त्यांतल्या एकाची फी आम्हाला झेपणारी नव्हती आणि दुसरीकडे जायची मुलाची इच्छाच नव्हती. मार्चअखेरीस नऊ नकार आले. मुलात काही कमी नव्हतं. चूक यादीची होती, आणि ती आम्ही मोठ्यांनी केली होती.

म्हणून यादी खालून वर बांध. आधी अशी दोन कॉलेजं शोध जिथे तीन गोष्टी एकदम जमतात: प्रवेश जवळपास नक्की, फी घराला झेपणारी, आणि तिथे शिकायला जाताना मन खट्टू होणार नाही. तिसरी गोष्ट लोक विसरतात. जिथे जायचंच नाही ती सेफ्टी कसली? ही दोन मिळाली की मधली चार-पाच आणि वरची तीन-चार. वरची म्हणजे 'रीच'. जिथे दहा टक्क्यांहून कमी मुलांना प्रवेश मिळतो ते कॉलेज कुणासाठीही रीचच, एसएटीला १६०० पैकी १६०० असले तरी.

कॉलेज तपासायला रँकिंगपेक्षा कितीतरी उपयोगी एक कागद आहे आणि तो फुकट आहे: 'कॉमन डेटा सेट'. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द शोधलेस की बहुतेक वेळा पीडीएफ मिळते. त्यात सी-१ मध्ये किती अर्ज आले आणि किती जणांना घेतलं ते असतं. सी-७ हा तक्ता तर छापून भिंतीवर लावावा असा आहे: ग्रेड, विषयांची काठिण्यपातळी, निबंध, शिफारसपत्र, मुलाखत, अर्जदाराने दाखवलेला रस, प्रत्येकासमोर 'फार महत्त्वाचं', 'महत्त्वाचं', 'विचारात घेतो' किंवा 'विचारात घेत नाही' यांपैकी एक खूण. 'दाखवलेला रस' विचारात घेणाऱ्या कॉलेजचं ऑनलाइन माहितीसत्र बघ, त्यांचे ईमेल उघड. जिथे घेत नाहीत तिथे भेटीसाठी विमानाचं तिकीट काढायची गरज नाही. एच-२-ए मध्ये गरज नसलेल्या किती मुलांना गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळाली ते दिसतं. एच-६ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना मदत देतात का ते.

कॉम्प्युटर सायन्स घ्यायचं असेल, आणि आपल्याकडे बहुतेकांना तेच घ्यायचं असतं, तर आणखी एक तपास. अर्बाना-शॅम्पेनचं इलिनॉय विद्यापीठ किंवा सिअ‍ॅटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ यांसारख्या ठिकाणी या विषयाचा प्रवेश वेगळा आणि विद्यापीठाच्या सर्वसाधारण प्रवेशापेक्षा खूप कठीण असतो. "आधी दुसऱ्या विषयात शिरू, मग बदलून घेऊ" हा मार्ग तिथे जवळपास बंद आहे. लहान लिबरल आर्ट्स कॉलेजांत (जिथे मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवतात) बहुधा मेजर, म्हणजे मुख्य विषय, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवायचा असतो. तिथेही हा विषय उत्तम शिकवतात. आपल्या लोकांना त्यांची नावं माहीत नसतात एवढंच.

राज्याचे नियमही बघ. टेक्सासमध्ये शाळेत वरच्या दहा टक्क्यांत असलेल्या मुलाला राज्याच्या विद्यापीठांत प्रवेशाची हमी १९९७ च्या कायद्याने दिली आहे (ऑस्टिनच्या कॅम्पसची अट याहून कडक आहे). कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) दोन वर्षं काढून यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, पदवी शिकवणाऱ्या नऊपैकी सहा कॅम्पसांवर हमीने बदली मिळवता येते, ठरलेले विषय आणि ग्रेड असतील तर. या वाटेला आपल्या समाजात नाक मुरडतात. ते मला पटत नाही. पदवी त्याच विद्यापीठाची मिळते, आणि दोन वर्षांची विद्यापीठाची फी वाचते.

परीक्षा

थोडक्यात सांगते, कारण यावर गरजेपेक्षा जास्त बोललं जातं. एसएटी १६०० ची, आता पूर्ण डिजिटल, साधारण सव्वादोन तासांची. एसीटी ३६ ची. दोन्हींचा एकेक सराव पेपर घरी वेळ लावून सोडव, जी बरी जाईल ती धर. खान अकॅडमीवर एसएटीची तयारी फुकट आहे. अकरावीच्या वसंतात एकदा आणि बारावी सुरू होताना ऑगस्टमध्ये एकदा, एवढं पुरतं.

बरीच कॉलेजं गुण ऐच्छिक ठेवतात. एमआयटीने २०२२ मध्ये अट परत आणली, नंतर डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड अशी इतरही परतली. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं तर गुण पाठवले तरी बघत नाहीत. नियम दर वर्षी बदलताहेत, म्हणून ताईच्या वेळचं ऐकून ठरवू नकोस.

शिफारसपत्रं

अकरावीत शिकवणाऱ्या दोन शिक्षकांना मे महिन्यात, सुट्टी लागण्याआधी, समोर जाऊन विचार. एक गणित-विज्ञानाचे आणि एक भाषा-इतिहासाचे असले तर बरं. एमआयटी तशीच जोडी मागतं. ज्यांच्या वर्गात सहज ए मिळाला त्यांच्यापेक्षा ज्यांच्या वर्गात तू अडलास, शंका विचारल्यास, सुधारलास, त्यांच्याकडे लिहायला जास्त असतं. आपली मुलं शिक्षकांचा मान ठेवून वर्गात गप्प बसतात. तो संस्कार चांगलाच आहे, पण इथे जो कधी बोललाच नाही त्याच्याबद्दल शिक्षकाला "हुशार, शांत, कष्टाळू" याच्या पलीकडे लिहिता येत नाही. वर्गात हात वर करायला जमत नसेल तर तास संपल्यावर दोन मिनिटं थांबून बोल.

विचारताना एक पानाचं टिपण दे: त्यांच्या वर्गातला कोणता प्रकल्प लक्षात राहिला, कुठे चुकलास, पुढे काय शिकायचंय. अर्जात एक चौकट येते, पत्र नंतर बघण्याचा हक्क सोडतोस का? हो म्हण. नाही म्हटलंस तर पत्र मोकळेपणाने लिहिलेलं नाही असा संशय वाचणाऱ्याला येतो.

उपक्रम

'कॉमन ॲप' या एकाच संकेतस्थळावरून हजारांहून जास्त कॉलेजांना अर्ज करता येतो. नव्या वर्षासाठी ते १ ऑगस्टला उघडतं. त्यात दहा उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात. शब्द नव्हेत, अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. "विविध सामाजिक उपक्रमांत सक्रिय सहभाग घेतला" अशा वाक्याला तिथे जागा नाही. काय केलं, किती जणांसाठी, कशाने काय बदललं एवढंच. आठवड्याला किती तास आणि वर्षातले किती आठवडे हेही विचारतात. खरे आकडे दे, बेरीज करून बघ. सगळं मिळून आठवड्याला ९० तास होत असतील तर वाचणाऱ्यालाही बेरीज येते.

धाकट्या भावाला रोज शाळेतून आणणं, आई रात्रपाळीला असताना स्वयंपाक करणं, आजीला सांभाळणं हे सगळं यात बसतं. घरच्या जबाबदाऱ्यांसाठी यादीत वेगळा प्रकारच आहे. मुलं ते लिहीत नाहीत, कारण घरात ते कुणी 'काम' म्हणून मोजतच नाही.

निबंध

मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा. सात विषयांपैकी एक निवडायचा, आणि सातवा 'कुठलाही' असाच आहे. यूसीचा अर्ज वेगळा: आठ प्रश्नांपैकी चार, प्रत्येकी ३५० शब्द. तिथे निबंधाची शैली नको, सरळ उत्तर हवं.

एका मुलीसोबतची दुपार सांगते. तिने भरतनाट्यमच्या अरंगेत्रमवर (शिक्षण झाल्यावरच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमावर) निबंध आणला होता. घुंगरांचा आवाज, पडद्यामागचा अंधार, शिस्त, परंपरा. सगळं व्यवस्थित होतं, पण त्यात ती कुठेच सापडत नव्हती. मी वाचत असताना तिचा फोन वाजला. आजीच्या दवाखान्यातून होता. ती उठली, बोलली, अपॉइंटमेंट बदलून घेतली आणि परत येऊन बसली. विचारलं तर म्हणाली, "हे मीच बघते. आजीला इंग्रजी येत नाही ना." केव्हापासून? "सहावीपासून."

मग ती बोलत राहिली. डॉक्टर विचारतात, दुखणं टोचल्यासारखं आहे की बोथट, एक ते दहामध्ये किती? आजी म्हणते, "कळ येते." दुसऱ्या दिवशी म्हणते, "नुसतं ठणकतंय." कधी चमक, कधी रग, कधी चुरचुर. या मुलीने एका वहीत दोन रकाने पाडले होते, डावीकडे आजीचा शब्द आणि उजवीकडे तिला सुचलेलं इंग्रजी. 'कळ' समोर तिने तीन शब्द लिहून तिन्ही खोडले होते. शेवटी ती डॉक्टरांना हाताने दाखवायला लागली, लाट कशी येते आणि ओसरते. डॉक्टरांनी तिचा हात बघून पुढची तपासणी लिहून दिली.

ती वही हा तिचा निबंध झाला. अरंगेत्रम उपक्रमांच्या यादीत १५० अक्षरांत गेलं.

तुझ्याकडे अशी वही नसेलही. शोधायचं काय तर अशी गोष्ट, जी तू कुणी सांगितल्याशिवाय करतोस आणि जिच्यात तुझं डोकं कसं चालतं ते दिसतं. मोठा पराक्रम, मोठं दुःख, मोठा विजय यांची गरज नाही. पहिला खर्डा हाताने, न थांबता, ६५० शब्दांची पर्वा न करता लिही. मराठीत सुचत असेल तर मराठीत लिही, बिघडत नाही. मग दोन आठवडे बाजूला ठेव. परत वाचताना जी वाक्यं वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्याही निबंधात चालली असती ती काढून टाक.

मुलं हळूच विचारतात, "भारतीय असल्याचं लिहिलं तर तोटा होतो का?" २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. त्याच निकालात हेही म्हटलंय की स्वतःच्या आयुष्यावर वंशाचा काय परिणाम झाला हे मुलाने लिहिलं तर कॉलेज ते वाचू शकतं. आजीची 'कळ' लपवायची नाही.

निबंध दोघांनाच दाखव, जास्त नाही. आमच्या ओळखीच्या एका घराने बरेच पैसे मोजून सल्लागार नेमला होता. त्याने मुलाचा निबंध इतका घासला की तो चाळिशीतल्या माणसाने लिहिल्यासारखा वाटायला लागला. त्या मुलाला मुलाखतीत स्वतःच्याच एका वाक्याचा अर्थ सांगता आला नाही. एआयने लिहून घेतलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं तर कॉमन ॲपच्या नियमांत फसवणुकीत धरलं जातं. आई-बाबा, तुम्ही स्पेलिंग तपासा, "इथे मला कळलं नाही" असं सांगा आणि पेन खाली ठेवा.

'आमचंच कॉलेज का?' हा छोटा निबंध बहुतेक ठिकाणी असतो. कॉलेजचं नाव बदलून तोच मजकूर दुसरीकडे चालत असेल तर तो पुन्हा लिही. एखाद्या अभ्यासक्रमाचं, एखाद्या प्रयोगशाळेचं नेमकं नाव आणि तुझ्या आधीच्या कामाशी त्याचा धागा, एवढं पुरे.

कधी पाठवायचं

'अर्ली डिसिजन'ची मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्यात. ही बांधिलकी असते: प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं आणि बाकी अर्ज मागे घ्यायचे. तू, पालक आणि काउन्सेलर तिघंही सही करता. देऊ केलेल्या मदतीत खरंच भागत नसेल तर सुटका मिळते, पण ठिकठिकाणच्या मदतीची तुलना करून निवडायची संधी गेलेली असते. त्यामुळे कॅल्क्युलेटरचा आकडा बघून घर निर्धास्त असेल तरच हा मार्ग. 'अर्ली ॲक्शन'मध्ये बांधिलकी नाही, जिथे मिळेल तिथे कर. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांचा लवकरचा अर्ज बांधील नसतो, पण सोबत इतर खासगी कॉलेजांत लवकर अर्ज करण्यावर निर्बंध असतात. नेहमीच्या अर्जांची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला, यूसीची नोव्हेंबर संपताना.

नावाचं सांभाळ. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं. पासपोर्टवर ते असतं, शाळेत नसतं, एसएटीला तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेलं असतं. मग गुण एका नावावर आणि अर्ज दुसऱ्या नावावर पडतो आणि कॉलेज दोन्ही जोडू शकत नाही. पासपोर्टवर आहे तसं, सगळीकडे एकच नाव ठेव. अर्जासाठी वेगळा ईमेल उघड. शाळेचा पत्ता वापरू नकोस, तो बंद होतो. अर्ज पाठवल्यावर कॉलेज स्वतःचं पोर्टल देतं, तिथे काय पोहोचलं नाही ते दिसतं. आठवड्यातून एकदा बघ. आणि मुदतीच्या रात्री साइट हळू चालते, म्हणून दोन दिवस आधी पाठव.

निकाल आल्यावर

डिसेंबरात 'डिफर' आलं म्हणजे नकार नाही, वसंतात फाइल पुन्हा वाचतील. नवीन ग्रेड आणि काही नवं घडलं असेल तर एक पानाचं पत्र पाठव, एकदाच. 'वेटलिस्ट'वर नाव आलं तर राहायचंय असं कळव, पण १ मेच्या आत दुसरीकडे डिपॉझिट भर. १ मे ही बहुतेक ठिकाणी उत्तर देण्याची तारीख.

मदतीची पत्रं शेजारी ठेवून वाचताना एक रेघ मार: रेघेच्या वर अनुदान आणि शिष्यवृत्ती, खाली कर्ज आणि कॉलेजात काम करून मिळवायचे पैसे. काही पत्रांत सगळ्यांची बेरीज 'मदत' म्हणून दाखवलेली असते. कर्ज फेडायचं असतं, म्हणून तुलना फक्त वरच्या आकड्याची. शिष्यवृत्ती चारही वर्षं आहे का आणि त्यासाठी किती जीपीए (ग्रेडची सरासरी) राखायचा, तेही विचार. कमी पडत असेल तर आर्थिक मदत कार्यालयाला कागदपत्रांसह लिहिता येतं. नोकरी गेली, आजारपणाचा खर्च आला, हे ते ऐकून घेतात.

बारावीच्या शेवटच्या सत्रात ग्रेड घसरू देऊ नकोस. अंतिम ट्रान्सक्रिप्ट जातं आणि फार घसरण झाली तर दिलेला प्रवेश परत घेतल्याची उदाहरणं आहेत.

निघण्याआधीचं एक काम यादीत कुणी घालत नाही. मूल १८ वर्षांचं झालं की दवाखाना त्याच्या परवानगीशिवाय आई-बाबांना माहिती देऊ शकत नाही आणि कॉलेज ग्रेड दाखवत नाही. आजारपणात निर्णय घेण्याचा अधिकार देणारा 'हेल्थ केअर प्रॉक्सी' आणि वैद्यकीय माहिती देण्याची संमती, हे दोन फॉर्म राज्याच्या नमुन्यात भरून, सह्या करून, फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा. लसीकरणाची नोंद कॉलेजला बहुधा जुलैतच लागते. भारतात दिलेल्या लसींचं पिवळं कार्ड कुठल्या डब्यात आहे ते आजच बघून घ्या.